वांझ फुलांची भजी

आमच्या घरात आजारी पडायची सोय नव्हती. आजार यायचे, नाही असं नाही, पण आत्याच्या तावडीत सापडायला नको म्हणून माणसं ते लपवायची. नाना, म्हणजे माझे वडील, खोकला आला की गोठ्यात जाऊन खोकायचे. आईचं डोकं दुखायला लागलं की ती नेहमीपेक्षा जास्त काम करायची, म्हणजे कुणाला संशय येत नसे. आत्या ही नानांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला तशी माहेरी आली आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं घराचा, परसाचा आणि आम्हां सगळ्यांच्या पोटाचा ताबा घेतला. गळू झालं की गुलबक्षीचं पान तव्यावर शेकून वर बांधायचं. गुडघा धरला की रुईचं पान. खरचटलं की बांधावरचा दगडीपाला चुरगळून रस पिळायचा, आणि तो झोंबला म्हणून रडलं की पाठीत धपाटा, तो वेगळा. उन्हाळ्यात पळसाची फुलं रात्रभर भिजत घालून त्या केशरी पाण्यानं आम्हां पोरांना अंघोळ. मग आम्ही दिवसभर पिवळट दिसायचो आणि शेजारणी विचारायच्या, पोरांना कावीळ झाली का काय. औषध कडू नसेल तर ते औषध नव्हे, आणि रोग्यानं तोंड वाकडं केलं नाही तर गुण येत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

मी पुढं नर्स झाले, उभी हयात सरकारी दवाखान्यात सुया टोचण्यात गेली, आणि आता धाराशिवला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे. आत्याच्या निम्म्या औषधांना गुण होता असं मी आजही म्हणेन. उरलेल्या निम्म्यांतून माणसं वाचली ती आपापल्या नशिबानं. परवा इथल्या एका दुकानात तरवडाच्या वाळलेल्या फुलांचं चकचकीत पाकीट दिसलं, वर कप हातात धरलेल्या हसऱ्या बाईचा फोटो. तरवडाचा काढा पिऊन हसलेली बाई मी जन्मात पाहिलेली नाही. मी ते पाकीट उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. दुकानदार म्हणाला, "घ्या मावशी, शुगरला चांगलं आहे." मी म्हटलं, "बाबा, माझ्या वाट्याचा तरवड माझा लहानपणीच पिऊन झालाय."

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, सडक सोडून आत. वारा तिकडून असला की सोलापूरच्या गाड्यांचे भोंगे घरात ऐकू यायचे. घर साधंच होतं, तीन खोल्या, पुढं पडवी, पण परसात तिळाएवढी जागा मोकळी नव्हती. जास्वंद, कण्हेर, सदाफुली, गोकर्णीचा वेल, झेंडू, अडुळसा, आणि कुंपणाच्या कडेनं आपल्या आपण उगवलेला आघाडा नि टाकळा. परसाच्या टोकाला जुना लिंब होता आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं मोहोळ. सकाळी ऊन चढायला लागलं की सगळं परस गुणगुणायचं. न्हाणीच्या दगडावर बसून अंघोळ करताना कानाशी ते चालू असायचं आणि मला वाटायचं, ऊन तापायला लागलं की असा आवाज येतच असेल. आत्याचं माश्यांशी हाडवैर होतं. "माशी फुलातलं सत्व चोरती," असं ती म्हणायची, म्हणून औषधाची फुलं तांबडं फुटायच्या आत, माशी उठायच्या आधी खुडायचा तिचा नेम. देवाला आणि भज्यांना लागणारी फुलंही त्याच फेरीत टोपलीत यायची.

घरात आणखी दोघं होती. आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, आणि त्यांची बायको इंदूकाकू. काकूचं माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. माहेरात कानडी बोलायची रीत, त्यामुळं तिला जे मनातलं बोलायचं असेल ते ती कानडीत पुटपुटायची आणि ते कुणालाच कळत नसल्यामुळं घरात शांतता नांदायची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दुसऱ्या घरात असं झालं असतं तर देवदेवस्की झाली असती. आमच्या घरात आत्या होती. शतावरीची मुळी झाली, शिवलिंगीच्या बिया झाल्या, पळसाचं कोवळं पान दुधात वाटून झालं, जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून झाल्या, वडाच्या पारंब्यांची टोकं झाली. अर्ध्या शिवाराचा पाला त्या बाईच्या पोटात गेला. ती उपाशीपोटी पितळी वाटी तोंडाला लावायची, घोट घ्यायची, डोळे मिटून एक कानडी शब्द उच्चारायची आणि भाकरी थापायला बसायची. तो शब्द काय होता हे मी मोठेपणी तिला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, तुला नको सांगायला, तू अजून पोटुशी आहेस.

त्या श्रावणात तेरखेड्याहून पाहुणे आले आणि घरातलं हसणं थांबलं. पाहुणे म्हणजे एका मुलीचा मामा. आत्यानं कुणाच्या तरी ओळखीनं त्यांना बोलावून घेतलं होतं. आप्पांसाठी दुसरी बायको बघायची होती. कायद्यानं तेव्हाही तो गुन्हाच होता, पण कायदा आमच्या फाट्यावर क्वचित उतरायचा. पहिलीनं राजीखुशीनं कागदावर अंगठा दिला की झालं, असं सगळे धरून चालले होते. तो अंगठा काकूचा. खुद्द आप्पांचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्यांना ते सापडलं नसतं. आप्पा भला माणूस, बैलांशी तासन्‌तास बोलेल, पण माणसात आला की त्याची नजर पायाच्या अंगठ्यावर.

पाहुण्यांचा मुहूर्त मात्र चुकला. आदल्याच दिवशी लिंबाखाली खुरपं शोधताना आप्पांच्या वरच्या ओठाला मधमाशी चावली होती आणि ओठ पडवळासारखा लोंबत होता. होणाऱ्या जावयाचं हे रूप बघून मामा हळहळले. म्हणाले, "ह्याच्यावर आमच्याकडं औषध हाय." त्यांनी पिशवीत हात घातला आणि सुतळी बॉम्ब काढला. तेरखेड्याला घरोघरी फटाक्याचं काम. तिकडचा माणूस सोयरिकीला येताना फरसाणाच्या पुड्याबरोबर एखादा बॉम्ब आणतो, यात कुणाला वावगं वाटलं नाही. आत्याला तर आनंदच झाला, तिच्या फुलांचं सत्व वाचणार होतं. नाना तेवढे म्हणाले, "आवं, माश्या आपल्या वाटंला जात न्हाईत, कशाला?" पण घरातला वडीलधारा पुरुष असून नानांचं म्हणणं ऐकायची आमच्याकडं पद्धत नव्हती. आप्पांनी लांब काठीच्या टोकाला बॉम्ब बांधला, मामांनी वात पेटवली आणि दोघांनी मिळून तो ढोलीच्या तोंडाशी धरला.

आवाज झाला. त्यानंतर क्षणभर काहीच झालं नाही, आणि मामा वळून "बगा" एवढं म्हणाले. मग ढोलीतून माश्या आल्या. आप्पा बोलणारा माणूस नव्हता पण पळणारा होता, हे त्या दिवशी कळलं. ते एका दमात घरात शिरले आणि ज्वारीच्या कणगीमागं बसले. मामांना घराची माहिती नव्हती. त्यांनी परसाला दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी जनावरांच्या हौदात उडी घेतली. त्यांचा फेटा पाण्यावर तरंगत होता आणि फेट्याखाली मामा आहेत की नाहीत हे बराच वेळ कुणालाच सांगता येत नव्हतं. आमची म्हैस बाजूला उभी राहून त्या फेट्याकडं बघत होती. अर्ध्या तासानं दोघांना पडवीत बसवून आत्यानं झेंडूचा पाला वाटून तोंडभर चोपडला. हिरवे माखलेले, ओले, सुजलेले असे दोन पुरुष समोरासमोर बसले आणि लग्नाची बोलणी सुरू झाली.

मामा चिडले होते. एवढं सोसल्यावर रिकाम्या हातानं परत जायची त्यांची तयारी नव्हती. "सुपारी फोडूनच जातो," म्हणाले. नाना म्हणाले, "इतकी काय घाई हाय?" आई पदराचं टोक चावत उभी होती. काकू न्हाणीपाशी, कामात हात, कान इकडं. तिथं तिचा एक भोपळ्याचा वेल होता. बी तिनं माहेराहून पदराला बांधून आणलं होतं. त्या घरात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं. आत्यानं वेलाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या हाताला गुण हाय का न्हाय ते वेलावरच बगू. दसऱ्यापातूर एक जरी भोपळा धरला तर वरीसभर थांबू. न्हाय धरला तर हिनं कागदावर अंगठा द्यायाचा. काय गं इंदे?" काकू म्हणाली, "व्हय वन्सं." दुसरं काय म्हणणार? मामा ओला फेटा पिळत, दसऱ्यानंतर येतो म्हणून निघून गेले. माश्याही त्या संध्याकाळी थव्यानं उठल्या आणि कुठल्याशा दुसऱ्या झाडाकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले तर परसात काहीच आवाज नव्हता. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं, पण का ते सांगता आलं नसतं.

वेल तर असा माजला की न्हाणीच्या कुडावरून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत गेला. फुलंही भरपूर. भोपळ्याच्या फुलांत दोन जाती असतात. एक नुसतं लांब दांड्यावर उभं असलेलं, आणि दुसरं, ज्याच्या मागं आवळ्याएवढा इवलासा भोपळा असतो. आत्या मागं भोपळा असलेल्याला लेकुरवाळं फूल म्हणायची आणि नुसत्याला वांझ. "वांझ फूल येलाचं बळ खातं," असा तिचा सिद्धांत होता, म्हणून रोज पहाटेच्या फेरीत ती वेलावरची वांझ फुलं एकूण एक खुडायची. त्यांची भजी व्हायची. बेसनात ओवा, लसूण, हिरवी मिरची, आणि ते पिवळं फूल देठाला धरून पिठात बुडवून उकळत्या तेलात सोडायचं. कडेनं कुरकुरीत, आत मऊ, आणि दाताखाली किंचित गोडसर. इतकी सुंदर भजी मी नंतर कुठं खाल्ली नाहीत. ती तळायची काकू. वेलाचं बळ राहावं म्हणून ती बिचारी मन लावून तळायची आणि आम्ही सगळे तितक्याच मन लावून खायचो.

आणि वेलाला भोपळा धरेना. लेकुरवाळी फुलं यायची, उमलायची, दोन दिवसांत मिटायची, आणि मागचा इवलासा भोपळा पिवळा पडून गळायचा. काकू रोज सकाळी गळालेले भोपळे ओच्यात गोळा करायची. तिनं ताक ओतलं, राख घातली, वेलाला काळा दोरा बांधला, दृष्ट काढली. आत्या जाता-येता म्हणायची, "हातच तसा, त्याला काय करनार." गणपती बसले, उठले. काकूचं जेवण कमी झालं. ती माझ्याशी पूर्वी हसून बोलायची, तेही थांबलं. मला तिची भीती वाटायला लागली, म्हणजे तिच्या डोळ्यांकडं बघायची.

मी त्या वर्षी सातवीत होते. आमचे विज्ञानाचे गुरुजी सज्जन होते, पण लाजाळू. फुलांच्या धड्याशी आले, दोन ओळी वाचल्या, लाल झाले, आणि "हा धडा सोपा हाय, घरी वाचून या," म्हणून पान उलटून लोहचुंबकावर गेले. घरी वाचणं म्हणजे आमच्याकडं मोठ्यानं वाचणं. नानांना अक्षरओळख नव्हती, पण मनातल्या मनात वाचणारं पोरगं अभ्यास करत नसतं यावर त्यांचा पक्का विश्वास. म्हणून दिवेलागणीला पडवीत बसून मी खड्या आवाजात सुरू केलं, की काही वनस्पतींत नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात, जसं की भोपळा. नर फुलातले परागकण माश्या मादी फुलावर नेतात, तेव्हाच फळ धरतं. आईला ठसका लागला. आप्पा "बैलाचं दावं बगून येतो" म्हणून उठले, बैल समोरच बांधलेला असताना. आत्या म्हणाली, "श्शी! हे शिकिवत्यात तुमाला साळंत?" मी म्हटलं, "न्हाय आत्या, गुरुजींनी शिकिवलं न्हाय. म्हणून तर घरी वाचतीया." नानांना माझं वाचन स्पष्ट आहे याचंच समाधान होतं. ते म्हणाले, वाच, वाच. आणि चुलीपाशी बसलेली काकू उंबऱ्यापर्यंत आली, हात पिठानं माखलेले, आणि म्हणाली, "शोभा, ते परत वाच की. भोपळ्याचं." मी परत वाचलं. तिनं ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळेला मला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फिरताना दिसलं आणि मी घाबरून पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला आत्याच्याही आधी उठवलं. अंधार निवळत होता, फुलं नुकती उमलत होती. काकूनं चार वांझ फुलं तोडून पदराखाली घेतली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आता कसं करायचं ते सांग. पुस्तकात काय लिवलंय?" पुस्तकात माश्या लिहिल्या होत्या आणि माश्या आपण पळवून लावल्या होत्या. मग आम्ही माश्यांचं काम करायचं ठरवलं. फुलाच्या पाकळ्या सोलून टाकल्या की आत पिवळी भुकटी लागलेला एक दांडा राहतो. तो लेकुरवाळ्या फुलाच्या पोटात अलगद फिरवायचा. काकूनं पहिल्या फुलाला हात लावला आणि कानडीत एक, दोन मोजत त्याच्याशी बोलायला लागली. "ओंदु," मग पुढच्या फुलाशी, "येरडु." मी मध्येच "माशीगत गुणगुणावं लागतं का?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "गुणगुण गं, धोका नगं." तेव्हा मी खालच्या आवाजात गुणगुणत उभी राहिले. आता मी बाल्कनीतल्या कुंडीतल्या वेलाला कान साफ करायच्या काडीनं पराग लावते. मुलगा म्हणतो, आई, ह्याचे व्हिडिओ असतात, बघ की. मी त्याला म्हणते, असू देत.

त्या पहाटे फुलं हाताळता हाताळता काकू मला एक गोष्ट बोलून गेली. दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली असताना भावानं तिला सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. "त्या म्हनल्या, तुमच्यात कायबी खोट न्हाय, मालकाला घेऊन या. म्या ह्यांना सांगितलं. तर ह्यांनी दोन दिस जेवण सोडलं. मग म्या गप बसले." असं म्हणून तिनं हातातला दांडा पुढच्या फुलात फिरवला. मी बारा वर्षांची, मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण आप्पांनी जेवण सोडलं आणि ती गप बसली, हे काही मला बरोबर वाटलं नाही.

पुढं रोज पहाटे हा उद्योग चालला. भज्यांची फुलं कमी पडायला लागली तशी आत्या कुरकुरली. काकूनं बिनदिक्कत शेजारच्या शेळीचं नाव घेतलं. आत्या आठवडाभर त्या शेळीला काठी घेऊन शोधत होती. इकडं गळणारे भोपळे गळायचे थांबले. एक लिंबाएवढा झाला, मग पेरूएवढा, मग तांब्याएवढा. काकू त्यांच्यावर पानं ओढून ठेवायची आणि कुणी न्हाणीकडं आलं की उगाच धुणं आपटायला लागायची. त्या महिन्यात आमच्या घरातले कपडे फार स्वच्छ असत.

दसऱ्याच्या सकाळी नाना नि आप्पा पडवीत झेंडूचं तोरण ओवत बसले होते, आत्या आपट्याची पानं निवडत होती. काकू परसातून आली आणि कळशीएवढा भोपळा आत्याच्या पुढ्यात ठेवला. आत्यानं तो फिरवला, बोटांनी वाजवला, हुंगला, आणि म्हणाली, "तामलवाडीच्या बाजारातला हाय ह्यो." काकू तिला हाताला धरून न्हाणीकडं घेऊन गेली आणि पानं बाजूला करून वेलावरचे आणखी दोन दाखवले. आत्याची एक गोष्ट कबूल केली पाहिजे, ती दिल्या शब्दाला पक्की होती. पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "धरला. वरीसभर थांबू." नानांनी मोठा श्वास सोडला आणि चंची काढली. आईनं देवाला हात जोडले. झालं, संपलं, असंच सगळ्यांना वाटलं.

"न्हाय वन्सं," काकू म्हणाली.

सात वर्षांत त्या घरानं हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ती खाली मानेनंच बोलत होती, पण थांबत नव्हती. "वरीसभर थांबून काय व्हनार? सात वर्सं म्या थांबलेच की. ह्या येलाला म्या काय बी येगळं केलं न्हाय. तुमी तळायला लावत व्हता ती फुलं तेवढी तळली न्हाईत. ती वांझ नव्हती वन्सं, ती बाप्ये व्हती. बाप्ये आपण रोज तळून खाल्ले आन्‌ येलाला नावं ठिवली." नानांच्या हातातून सुपारी पडली. "सगळा पाला माज्या पोटात गेला. एकदा तरी ह्यांच्या नाडीला हात लावला का? डाक्टरनीनं सांगितलंय, मालकाला आणा. आधी ह्यांनी सोलापूरला चलावं. ह्यांच्यात खोट न्हाय असं निघालं, तर एक अंगठा काय, म्या धाही बोटं लावून देते." एवढं बोलून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

आप्पा तोरणातल्या एकाच झेंडूत सुई घालत नि काढत होते. आम्ही सगळे आत्याकडं बघत होतो. आता ही उठणार आणि काकूला माहेरची वाट दाखवणार, अशी माझी खात्री होती आणि मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. आत्या बराच वेळ भोपळ्यावरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांपुढून त्या सात वर्षांच्या पितळी वाट्या गेल्या असणार. बायकांवरच्या अन्यायाबद्दल तिला काही वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. पण ती वैदू होती, आणि सात वर्षं औषध भलत्याच रोग्याला दिलं, ही गोष्ट तिच्या जिव्हारी लागली. ती धाकट्या भावाकडं वळली आणि म्हणाली, "म्हादू, जीभ दाखीव."

दुसऱ्या दिवसापासून वाटी आप्पांच्या हातात आली. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी कण्हेरीच्या बुंध्याशी ओतली, तेव्हापासून आत्या समोर पाट टाकून बसायला लागली. शतावरी झाली, गोखरू झाला, कसली तरी काळी मुळी झाली. काकूनं सात वर्षं जे बिनबोभाट गिळलं, ते ह्या पुरुषाला तीन दिवस गिळवेना. चौथ्या दिवशी आप्पा पहाटे आपण होऊन अंघोळ करून, टोपी घालून पडवीत उभे राहिले आणि नानांना विचारलं, "सोलापूरची पयली गाडी कितीला हाय?"

त्यांना दोन-तीन खेपा कराव्या लागल्या. शेवटच्या खेपेला आप्पा नि काकू भर दुपारी परत आली, आणि नेमके त्याच दिवशी तेरखेड्याचे मामा कागद घेऊन पडवीत बसलेले. गल्लीतले दोघं-तिघं साक्षीला म्हणून आलेले होते. आप्पांनी पाय धुतले, पडवीत येऊन बसले, आणि पायाच्या अंगठ्याकडं बघतच पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पोरगी दुसरीकडं द्या. खोट माज्यात हाय. हिच्यात कदीच नव्हती." मामांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि थोड्या वेळानं म्हणाले, "मग च्या तरी घेतो." चहा झाला आणि ते गेले.

पुढं नोकरीत मी अशा किती बायका पाहिल्या. नवऱ्याला घेऊन या म्हटलं की त्या मान हलवायच्या आणि परत यायच्या नाहीत. भरल्या पडवीत, गावची माणसं समोर असताना असं बोलणारा पुरुष मला आप्पांनंतर भेटला नाही. इथवर मी त्यांना पुष्कळ हसले आहे, पण मला त्यांचा फार अभिमान वाटतो. मूल त्यांना झालं नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नाही आणि आत्याच्या काढ्यांनीही नाही. आत्यानं मात्र त्यानंतर घरात वांझ हा शब्द माणसाला तर सोडाच, म्हशीलाही कुणाला लावू दिला नाही.

मामा गेल्यावर त्या दुपारी काकू आतल्या खोलीत गेली आणि जमिनीवर, डोक्याखाली हात घेऊन झोपली. आमच्या घरात सुनेनं दिवसा पाठ टेकायची नाही, बाळंतपण सोडून. सावल्या लांब झाल्या, जनावरं घरी आली, तरी ती उठली नाही. आई भिऊन दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग आत्या उठली. आत्याला भाकरी थापताना आम्ही कधीच बघितलं नव्हतं. तिनं पिठाचा डबा काढला, परात घेतली, चुलीपाशी बसली, एक थाप मारली आणि थांबली. आतल्या खोलीकडं बघितलं. मग परात नि पीठ उचलून ती बाहेर परसात, पाणी तापवायच्या चुलवणापाशी जाऊन बसली आणि तिथं भाकरी थापायला लागली. आम्ही पोरं दंगा करत तिच्यामागं गेलो, तशी तिनं पिठाचा हात उगारला.

"आवाज करू नगा," आत्या हळूच म्हणाली. "सून झोपलीया."